सलोमीची प्रार्थना

सोलापूर, १२ नोव्हेंबर १९३१

प्रिय मार्था,
तुला आक्काचा प्रभूच्या नावाने आशीर्वाद.

माझा खोकला बरा आहे, काळजी नको. योहानरावांना झोप लागते का? तू जेवतेस ना?

तुमच्या सलोमीला माती देऊन आल्यावर मंडळीतल्या बाया तुला म्हणाल्या, "रडू नकोस, देवाला फूल हवं होतं." देवाच्या बागेत फुलांचा दुष्काळ पडलाय का? माझ्या वर्गात असलं उत्तर देणारीला मी बाकावर उभी केली असती.

लेकरू तापाने गेलं, मार्था. देवाने तिला तोडलं नाही, पडताना झेललं. मित्राच्या थडग्याशी येशू स्वतः रडला. तो तुला रडू नको कशाला म्हणेल? हवं तर त्याच्यावर रागव, पण बोलणं सोडू नकोस.

जेवणाआधीची प्रार्थना घरातल्या धाकट्याने म्हणायची, हा आपल्या आईचा नियम. म्हणून आता तुम्ही दोघं मुक्यानेच जेवता, असं लिहिलंस. माझ्या घरात थोरली मीच आणि धाकटीही मीच. काल भाकरीपुढे बसून सलोमीचेच शब्द म्हटले: "बापा, भाकरी दिलीस, आता आईला भाजीत मीठ घालायची आठवण दे."

पुढे आवाज फुटेना. आमेन राहिलं आहे. ते तुम्ही दोघं म्हणा. तो ऐकायला थांबला आहे.

तुझी,
आक्का