रुमालाखाली दिलेला हात

४ जानेवारी, रविवार

सौंसरच्या सुनंदाला टीव्हीवाल्यांनी पार चोर करून टाकलं. शूटिंगच्या पहिल्या आठवड्यात ती माझ्यासमोरच हसत बोलली होती, "वैशालीताईचा हात मसाल्याले थोडा कच्चा हाये." कालच्या भागात तेच वाक्य तीनदा, मागे ढोल, आणि लगेच मी डोळे पुसताना. मी कांदे चिरत होते. बारा बायकांच्या रश्श्याचे कांदे.

आमच्या खानावळीत रेल्वेचे लोक ताटं बाजूला सारून पाहत होते. तिकीट खिडकीवरचे तिवारीजी म्हणाले, "भाभी, इस सौंसरवाली से बचके रहना." मी म्हटलं, पोळी घ्या. दुसरं काय म्हणणार? शूटिंग दिवाळीआधीच संपलंय. कोण कधी बाहेर पडलं, का पडलं, सगळं मला माहीत आहे. पण शेवटचा भाग लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशा कागदावर सही आहे.

७ जाने., बुधवार

सु.चा फोन आजही नाही. म्हणजे मी लावला की वाजतो, ती उचलत नाही.

इथे तरी खरं लिहावं. 'पेटती चूल'चा खेळ असा: प्रत्येकीला एका नंबरची चूल, आणि दर आठवड्याला आपणच चिठ्ठ्या टाकून एकीची विझवायची. आई तेव्हाच म्हणाली होती, "कसा अभद्र खेळ बापा हा." गळ्यात माईक, भिंतीवर कॅमेरे, कुजबुजसुद्धा पकडायचे. पण माझे बाबा आणि सु.चे वडील, दोघेही जुने संत्र्याचे दलाल. तेव्हाचे सौदे दोघींनी लहानपणी पाहिलेले. दोघांचे हात एका रुमालाखाली, बोटं धरून भाव ठरायचा, शेजारच्याला पत्ता लागत नसे. आम्ही तेच केलं. माझ्या ओढणीखाली हात. जितकी बोटं तितक्या नंबरची चूल, पाचाच्या पुढे आधी अख्खा पंजा. तोंडातून एक शब्द नाही. कोणाला कळलं नाही. पुण्याची केतकी म्हणायची, किती गं प्रेम तुमच्यात, सारख्या हात धरून बसता.

चौघी उरलो तेव्हा सु.ने माझी तीन बोटं धरली. तीन नंबर म्हणजे केतकी. मी दाबून हो म्हटलं.

मग चिठ्ठीच्या खोलीकडे जाताना कार्यक्रमवाल्या बाई सहज बोलल्या, "तुमची मैत्रीण तुमचंच नाव टाकणार नाही कशावरून?" एवढंच. पन्नास पावलं नसतील ती खोली. तेवढ्यात माझं मन फिरलं. मी नऊ लिहिलं. नऊ म्हणजे सु.

तिने तीनच लिहिलं होतं.

११ जाने., रविवार

तो भाग आज लागला. दोन चिठ्ठ्या सु.च्या नावाच्या, एक केतकीची, एक माझी. सु. गेली. तिने आधी कशी कारस्थानं केली ते असं काही जोडून दाखवलं, की मी तिला धडा शिकवला असंच वाटावं. खानावळीत शिट्ट्या. "बरी जिरवली ताई." समोरचा किराणावाला पेढे घेऊन आला. एक तोंडात घातला मी. थुंकायला पाहिजे होता.

आम्ही दोघी बसलेल्या, मांडीवर ओढणी, हे बराच वेळ दाखवलं. त्यावर निवेदक म्हणे, मैत्रीचा मुखवटा. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठले, चष्मा पुसला आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. मग न जेवता वर गेले.

१३ जाने., मंगळवार

आज दुपारी मेथी निवडता निवडता बाबा म्हणाले:

"रुमालाखाली हात देल्ला होता का तिले?"

"हो."

"किती बोटं?"

"तीन."

"अन् लिहिलं किती?"

"नऊ."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "चाळीस वर्षं दलाली केली म्या. भावात मार खाल्ला, पन हात देऊन फिरलो नाही."

मी चिडले. बाबा, तो खेळ होता, टीव्हीचा खेळ, सगळेच तेच करत होते.

"तिले माहीत होतं का, खेळ हाये म्हनून?"

सगळ्या महाराष्ट्राने, अर्ध्या मध्य प्रदेशाने तो भाग पाहिला असेल. कळलं फक्त या एका म्हाताऱ्याला. त्याचाच राग आला मला, काय सांगू.

१६ जाने., शुक्रवार

शेजारी हळदीकुंकू. वाण म्हणून प्लास्टिकची चाळणी. कुंकू लावता लावता प्रत्येकीचं तेच, ती सौंसरवाली कशी तोंडावर पडली. एकीची बहीण सौंसरला दिलेली. ती म्हणाली, "बचत गटानं तिचा फोटो काढून टाकला ना मसाल्याच्या पाकिटावरून. लोक दुकानात म्हनते, गद्दार बाईचा मसाला नाही पाहिजे." बायका हसल्या. तो मसाला मी खाल्लाय. सु. मिरची देठासकट भाजते आणि मग देठं काढते. कोणालाही सांगत नाही, मला सांगितलं होतं.

जिभेवर आलं होतं. कागद आठवला. तीळगूळ घेऊन घरी आले.

घरी येऊन डोकं दुखलं. कागद आहे म्हणून गप्प आहे, की कागद बरा सापडला गप्प बसायला?

१९ जाने., सोमवार

कार्यक्रमवाल्या बाईंना फोन केला. फक्त एक वाक्य बोलू का, सु.ने मला फसवलं नाही, एवढंच? त्या हसल्या. "अहो ताई, पंचवीस तारखेनंतर काय हवं ते बोला. तेव्हा कोण ऐकणारे?" वर म्हणे, तुम्हाला तर फायदाच झालाय.

फोन ठेवून भांडी आपटली. कणकेची परात वाकडी झाली.

आई नदीपलीकडच्या सावरगावची; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला ते गाव आणि आमचं गाव एकमेकांवर दगड मारतात. तिला आता सगळं माहीत आहे, बाबांनी सांगितलं असणार. म्हणाली, "गोटमारीत माह्या भावाचा गोटा तुह्या बाबाच्या कपाळाले लागला होता. दुसऱ्या दिवशी तोच भाऊ आपल्या घरी जेवला. पन त्यानं समोरून मारला होता." मग भात घेतेस का विचारलं.

२२ जाने., गुरुवार

सु.ला मेसेज लिहिला. खोडला. परत लिहिला: 'तब्येत कशी आहे?' किती मूर्ख बाई आहे मी. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२५ जाने., रविवार

शेवटचा भाग. मी तिसरी. केतकी जिंकली. तीच, तीन नंबर. खानावळीत सगळे हळहळले, "तुमच्यावर अन्याय झाला ताई." तिवारीजींनी तर जेवण अर्धं टाकलं.

कागदाची मुदत संपली. आता मला कोणी अडवत नाही, म्हणजे वाईट झालं.

उद्या शाळेच्या मैदानावर झेंडावंदनानंतर सत्कार. नव्या पांढुर्णा जिल्ह्याच्या दोन लेकी म्हणून सु.लाही बोलावलंय म्हणे. ती येणार नाही. आली तर?

२६ जाने., सोमवार

आली होती. तिसऱ्या रांगेत, नवऱ्याशेजारी, तपकिरी शालीत. स्टेजवर यायला तिने नकार दिला. तिच्या मागच्या बायका लांब सरकून बसल्या होत्या, ते मला वरून दिसत होतं.

माईक हातात आल्यावर सगळं सांगितलं. ओढणीखालचे हात, तीन बोटं, नऊ नंबर. सुनंदाताईंनी शब्द पाळला, मी मोडला. मग अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "पाहा, दुसरीची चूक स्वतःच्या अंगावर घेणारी, असं मोठं मन आपल्या पांढुर्ण्याच्या लेकीचं." टाळ्या. मी म्हणत होते, नाही हो, खरंच तसं झालं. टाळ्या आणखी वाढल्या. गळ्यात हार. कोणीतरी माझ्या नावाचा जयजयकार केला.

फाटकाजवळ गाठलं तिला. म्हटलं, सुनंदा, मी सांगितलं ना सगळं.

ती म्हणाली, "आयकलं. चांगलं बोलली तू."

"मग?"

"तीन महिने झाले, ताई. पांढुर्ण्याहून सौंसरले किती बसा येते? लोकाईले सांगतलं तू. मले काहीच नाही सांगतलं."

"तू फोन उचलत नव्हतीस."

"फोनवर मी काय तुह्या तोंडाकडे पाहनार होती?"

नवऱ्याने गाडी सुरू केली. ती मागे बसली आणि शाल नीट केली. मी हार गळ्यात घेऊन उभी. लोक फोटो काढून राहिले होते.

परत आल्यावर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग बरोबर हाये तिचं." जेवायला वाढ म्हणाले.

आज मी परत तेच केलं का? चारचौघांत बोलले, म्हणजे माझं मन मोठं दिसलं. घरी जाऊन बोलले असते तर कोणालाच दिसलं नसतं.

२७ जाने., मंगळवार

सकाळची बस. मंगळवार, त्यामुळे जामसांवलीच्या मारुतीला जाणारेच सगळे, नारळाच्या पिशव्या, उभं राहायला जागा नाही. एका आजीने ओळखलं. "तूच ना व टीव्हीवाली?" नाही म्हटलं.

ही वही पिशवीत होती म्हणून बरं. सु.च्या ओट्यावर बसून लिहिते आहे. तिच्या नवऱ्याने दार अर्धं उघडलं, म्हणाला, "घरी नाही ते." आत मिक्सर चालू होता आणि भाजल्या मिरचीचा ठसका दारापर्यंत येत होता. मी म्हटलं, थांबते, भाऊ. तो म्हणाला, "पाहा बापा तुमचं तुम्ही," आणि दार लोटून घेतलं. कडी लावली नाही.

पाऊण तास झाला. समोरच्या घरातून दोन बायका पाहून गेल्या. तिसरीने विचारलं, कोणाकडे आल्या? मी म्हटलं, सुनंदाकडे, तिची माफी मागायला. ती हसली नाही, टाळ्याही वाजवल्या नाहीत. आत गेली आणि स्वतःचं दार लावून घेतलं.

दुपारची बस एकची आहे. त्यानंतर चारची.

मिक्सर आत्ता बंद झाला. पावलं वाजताहेत, दाराकडे की मोरीकडे, कळत नाही. लिहिणं थांबवते, तोंड वर ठेवायला हवं