एका लिटरात पंधरा

पासो ओन्दो,
२६ मार्च

प्रिय देल्मिराताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात वाकलो की कंबर तिथंच धरते आणि मला सरळ करायला शेजारून माणूस बोलवावा लागतो, तेव्हा मनातल्या मनात वाकलो असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? वॉशिंग्टनदाजींचा खोकला, त्यांची कॅनरी आणि त्यांची राजकारणावरची मतं, तिन्ही जिथल्या तिथं असतील अशी आशा करतो. मी ठणठणीत आहे. अक्षर जरा मोठं दिसेल, ते तुला चष्मा शोधत घरभर फिरावं लागू नये म्हणून. कागद जास्त गेला तरी जाऊ दे, वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांना त्रास नको.

आता मुद्द्याचं. नाताळच्या जेवणात सगळ्यांच्या देखत तू काय जाहीर केलंस ते मी विसरलेलो नाही. माझी चौऱ्याऐंशी सालची डिझेल गाडी लिटरला दहा किलोमीटरसुद्धा धड देत नाही, पेन्शन ती पिते आणि मी कोरडा राहतो, तेव्हा ईस्टरच्या आठवड्यापर्यंत तिनं लिटरला पंधरा दिले तर ठीक, नाहीतर गाडी विकायची आणि बोचकं घेऊन माँतेविदेओला तुमच्या मागच्या खोलीत राहायला यायचं. मी तावातावानं हो म्हणालो. (सायडर पोटात होती. एरवी मी विचारी माणूस आहे.) ताई, तुझी मागची खोली चांगली आहे, नाही कोण म्हणतं? पण तिची खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडते आणि मी चाळीस वर्षं मेंढ्या कातरणाऱ्या टोळीचा स्वयंपाकी म्हणून उघड्या माळावर काढलेला माणूस. इथं बस आठवड्यातून दोनदा येते, त्यातली एकदा तर येते असं नुसतं ड्रायव्हर म्हणतो. गाडी गेली की माझे पायच गेले. आणि माझी नेलिदा इथल्या टेकडीवरच्या कबरस्तानात निजली आहे, दर रविवारी तिच्याकडे कोण जाणार? कॅनरी?

म्हणून जानेवारीच्या दोन तारखेपासून कंबर कसली. (तीच, वर सांगितलेली.) आधी गाडीचं वजन कमी केलं. डिकीत काय काय निघालं म्हणून सांगू! गुरांच्या मिठाच्या दोन गोण्या, अर्धी मेंढी मावेल अशी लोखंडी जाळी, टोळीतलं चाळीस माणसांचं पातेलं, आणि एक चाक, जे माझ्या गाडीचं नाही आणि ओळखीतल्या कुणाच्याच गाडीचं नाही. नेलिदाची छत्रीही निघाली, ती परत होती तिथं ठेवली. तिचं वजन मी धरत नाही. टपावरचा लोखंडी सांगाडा उतरवला. टायरमध्ये हवा इतकी ठासून भरली की खडीच्या रस्त्यावर कवळी हातात धरून गाडी चालवावी लागली. शिवाय आपल्याकडची ती जुनी सवय सोडली. डिझेल गाडी सकाळी एकदा मिनतवारीनं सुरू झाली की दुपारपर्यंत बंद करायची नाही. दुकानात जा, न्हाव्याकडे जा, चर्चमध्ये जा, ती बाहेर आपली धडधडत उभी. मी रविवारी प्रार्थनेच्या वेळी इंजिन बंद ठेवायला लागलो तर पाद्री खूश, पण मागच्या बाकावरची मंडळी रागावली. त्यांना आता प्रवचन ऐकू यायला लागलं होतं.

एवढं करून हिशेब आला साडेअकरा. मग मी वेगाकडे वळलो. ताई, वेग हीच सगळ्या उधळपट्टीची आई. मी ताशी पन्नासच्या वर जायचं सोडलं, पुढं चाळीसवर आलो. लोकांना हे शास्त्र समजत नाही. एका शनिवारी ताकुआरेम्बोहून येताना माझ्या मागं नऊ गाड्या आणि एक लाकडाचा ट्रक अशी रांग लागली, आणि रस्त्याच्या कडेची माणसं टोप्या काढून छातीवर क्रूस करायला लागली. त्यांना वाटलं, कुणाला तरी पोचवायला निघालेत. मीही गंभीर चेहऱ्यानं मान लववली. कुणाच्या दुःखात आपण हसू नये, मग ते दुःख कुणालाच झालेलं नसलं तरी.

आता तुला आपल्या भागाची रीत ठाऊकच आहे. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून बोट उचलून रामराम करायचा. नाही केला तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं की एलादिओला शिंगं फुटली. मी हल्ली सगळ्यांनाच करतो. समोरून येणाऱ्याला करतो, उभ्या असलेल्याला करतो, झाडाखालच्या सावलीला करतो. उगाच कुणी राहायला नको. गावात बोलवा उठली की मी निवडणुकीला उभा राहणार आहे, दोघं जण तर नातवाच्या नोकरीचं काम घेऊन घरी आले. आणि याच भानगडीत मी एकदा ओलेगारिओला बोट उचललं! हो, तोच तो मेकॅनिक. नऊ वर्षांपूर्वी पंगतीत, मांस भाजून होत असताना, माझ्या गाडीला "चालता धूर" म्हणाला होता, तेव्हापासून त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर शेजारीण म्हणाली, "अहो, तुम्ही ओलेगारिओला रामराम केलात म्हणे!" 

पण खरी गंमत पुढं आहे. मी ऐकलं होतं की राजधानीत लोक जुन्या डिझेल गाड्या तळणीच्या तेलावर चालवतात. फेब्रुवारीत सलग तीन दिवस पाऊस लागला. आता पाऊस म्हटल्यावर चरबीत तोर्ता फ्रिता, आपल्या त्या कणकेच्या जाड पुऱ्या, तळायला हव्यातच. मी सगळ्या आळीसाठी तळल्या. खाली चरबी उरली पाच-सहा लिटर. म्हटलं, राजधानीवाले तेल घालतात तर आपण चरबी घालू, दोन्ही तळणच. नेलिदाच्या जुन्या मोज्यातून गाळली आणि गरम-गरम टाकीत ओतली. पहिल्या दिवशी गाडी अशी पळाली म्हणतेस! फक्त धुराला तळणाचा वास. ऊन लख्ख पडलेलं, आणि मी जिथून जाईन तिथं बायका धावत बाहेर येऊन दोरीवरचे कपडे काढायला लागल्या. तोर्ता तळतंय म्हणजे पाऊस आलाच, हे आपल्याकडं हवामानखात्यापेक्षा पक्कं. मागं सात कुत्री धावत होती ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे गारठा पडला. पुलाच्या अलीकडे गाडीनं एक उचकी दिली आणि बसली. मी बॉनेट उघडून बराच वेळ आत बघितलं. (तसं करायची पद्धत आहे.) तेवढ्यात मागं ट्रक थांबला. उतरला कोण, ओलेगारिओ! मला म्हणतो, "तू त्या दिवशी आपणहून बोट उचललंस म्हणून थांबलोय हां, नाहीतर सरळ गेलो असतो." मी हो म्हटलं आणि बॉनेटपुढं त्याला जागा करून दिली. त्यानं नाक वर करून हुंगलं, फिल्टर उघडला. आतून लोण्यासारखा गोळा निघाला. "एलादिओ," तो म्हणाला, "लेका, गाडी चालवतोस की तळतोस? बैलाची चरबी ती! गारठ्यात गोठणार नाही तर काय करणार?" चाळीस वर्षं चरबीत हात घातलेला मी, आणि ही अक्कल मला मेकॅनिकनं शिकवावी! पण ताई, खरं सांगतो, राग आला नाही. नऊ वर्षांनी माणूस शिव्या द्यायला लागला की बरं वाटतं.

त्यानं गाडी ओढून नेली. दोन दिवस टाकी धुतली, इंजेक्टर साफ केले, हवेचा फिल्टर बदलला. (जुन्यात चिमणीचं घरटं होतं, रिकामं.) आणि मग मागची चाकं उचलून हातानं फिरवायला गेला तर ती फिरेनातच. हँडब्रेकची तार गंजून अडकली होती. "तू दहा वर्षं ब्रेक लावून गाडी हाकतोयस," म्हणाला आणि पोट धरून हसत खाली बसला. म्हणजे बघ, दोष इंजिनाचा नव्हताच. बिचारी मला आणि ब्रेकला, दोघांना ओढत होती.

गेल्या मंगळवारी परीक्षा घेतली. टाकी काठोकाठ भरली, ओलेगारिओला साक्षीदार म्हणून शेजारी बसवलं, ताकुआरेम्बोकडून फिरून आलो आणि पुन्हा काठोकाठ भरली. लागलं सात पूर्णांक नऊ लिटर. अंतर एकशे वीस किलोमीटर. भाग देऊन बघ: पंधरा पूर्णांक दोन! ओलेगारिओ सगळा वेळ दरवाजाची मूठ घट्ट धरून बसला होता, कौतुकानंच असणार. तेव्हा पैज मी जिंकली. मागच्या खोलीत दाजींना त्यांची जुनी वर्तमानपत्रं खुशाल ठेवू दे.

सगळ्यांना नमस्कार, भाचरांना गालगुच्चे, आणि कॅनरीला काय द्यायचं ते द्या.

तुझा विजयी भाऊ,
एलादिओ

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी ओलेगारिओनं वाचलं. त्याचं म्हणणं, परत आल्यावर किलोमीटरच्या मीटरवरचा शेवटचा आकडा आठ नव्हता, तीन होता. मला आठ दिसला. दोघांपैकी एकाला आठ दिसतोय तर आठ धरायला काय हरकत, असं मी म्हटलं, पण तो ऐकेना. तीन धरला तर अंतर एकशे पंधराच भरतं आणि लिटरला साडेचौदा होतात. तेव्हा पैज हरलो असं लिहून टाक म्हणतो. टाकलं.

ता. क. आणखी एक. तो दाराशी उभा आहे आणि हे लिहिल्याशिवाय पत्र पेटीत टाकणार नाही म्हणतो. त्या मंगळवारी पुलावर मी दोन बाईमाणसांना रामराम केला, ती कचऱ्याची पिंपं होती. त्यानं मला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि चांगला पिकलाय. म्हणजे तो सगळा वेगाचा शास्त्रविचार, ताई, ते काही शास्त्र नव्हतं. मला समोरचं दिसत नव्हतं म्हणून हळू चालवत होतो. भीती वाटायची, आणि तुला सांगितलं तर गाडीही जाईल आणि घरही, म्हणून बोललो नाही. त्या दिवसापासून किल्ली ओलेगारिओच्या खिशात आहे.

ता. क. शेवटचं. सोळा एप्रिलला माँतेविदेओत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. सोबत कोण, असं फॉर्मवर विचारलं होतं, तिथं मी तुझं नाव लिहून बसलोय. तू बसनं इकडे ये आणि मला माझ्याच गाडीतून घेऊन जा. चालवायची तू. बाबांचा दुधाचा ट्रक तू नव्वदच्या खाली कधी चालवलास ते मला आठवत नाही, तेव्हा लिटरला नऊच पडतील, पडू देत. वाटेत गाडी तुझ्या हाताला कशी लागते ते बघ आणि मग विकायची की ठेवायची ते तूच ठरव, मी हूं की चूं करणार नाही. फक्त दुसऱ्या दिवशी पट्टी सोडतील तेव्हा समोर उभी राहा. नाताळात मी तुला म्हणालो होतो की तू अजून चाळिशीची दिसतेस, आणि तू लाजून मला दुसऱ्यांदा गोड वाढलंस. ती थाप नव्हती गं, मला खरंच तशी दिसत होतीस. आता जशी असशील तशी दिस, पण पहिली तूच दिस.