उरलेला अर्धा कडा

जयगड,
श्रावण वद्य एकादशी, सन १९३१

रा. रा. विठू मेव्हणे यांस दादू तांडेलाचा रामराम. इकडे सर्व खुशाल. तुझी बहीण कमळाही खुशाल आहे, म्हणजे माझ्यावर ओरडते आहे. तुझा खोकला कसा आहे ते कळवावे. (गिरणीतला कापूस नाकात गेल्यापासून तू पुरता मुंबईकर झालास, असे गावात म्हणतात. मी म्हणत नाही.)

किल्ल्याखालचा आपला कडा आठवतो ना? मिसरूड फुटायच्या आधी आपण दोघे अर्ध्यावर पोचलो होतो आणि एका सरीने खाली पिटाळले. दुसऱ्याच वर्षी तू गिरणीत गेलास. वरचा अर्धा अजून तसाच आहे, आणि गलबतावरून जाता-येता तो मला दिसतो. अडचण अशी, की कडा कोरडा असतो तेव्हा मी समुद्रावर, आणि मी घरी असतो तेव्हा पाऊस. म्हणून यंदा ठरवले, की गणपतीनंतर गलबत पाण्यात लोटण्याआधी एखादी उघडीप साधायचीच.

तयारी म्हणून गलबताचा काथ्याचा दोर परसातल्या फणसाला बांधून चढून पाहिले. फणसावर शेवाळ होते, हे चढताना दिसले नाही, उतरताना समजले. अळवाच्या वाफ्यात पडलो म्हणून वाचलो. मग दोन दिवस घरात अळूच शिजत होते. कमळा मला मुद्दाम दोनदा वाढत होती, ते जास्त लागले.

शेवटी देवीला कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणे घातले आणि ओल्या पाकळ्या देवीला लावल्या. उजवी पडली तर चढ, डावी पडली तर गप घरी बस. पण हवाच इतकी दमट, की दुपार झाली तरी दोन्ही चिकटलेल्याच. (देवी विचार करते आहे, असे सांगून गुरव जेवायला गेला. मी आपला उपाशी.) तरी हिंमत सोडलेली नाही. यंदा नक्की.

तुझा
दादू

ता. क. खरे सांगायचे तर गोकुळाष्टमीपासून लख्ख ऊन आहे. कडा सुकला आणि काल उजवी पाकळीही पडली. अडले आहे ते दोराच्या दुसऱ्या टोकाला. वर बसून दोर धरायला गलबतावरचा खलाशी सदू तयार आहे, पण एका हाताने; दुसरा त्याला विडीला लागतो. माझा जीव तुझ्याखेरीज कोणाच्या हातात द्यायला मन घेत नाही. दोन वर्षे तू गणपतीला आला नाहीस. यंदा ये. आधी तू दोर धर, मग मी धरतो.

आणखी ता. क. कमळाने पत्र वाचून घेतले. म्हणाली, "कडा जाऊंदे चुलीत. त्येला लिवा, नुसता ये म्हनून." मी तसे मुळीच लिहिणार नाही, कडा चढायचा आहेच. मात्र गणपतीत पाऊस लागला, तर तेवढ्यासाठी मुंबईत राहू नकोस. तसाच ये.