पेटीचं कुलूप

लोहारा,
५ जानेवारी २०२६

तीर्थरूप आईस,

शिवूचा नमस्कार. अण्णांनाही सांग. म्हशीच्या पाठीवरूनही माझ्या नावानं एकदा हात फिरव, का ते पुढं कळंल.

इकडं सगळे मजेत. अक्षरा तर जरा जास्तच मजेत आहे. परवा तिनं अंगणवाडीत सांगितलं की माझ्या आईनं अख्खं कलिंगड गिळलंय. तेव्हापासून तिथल्या बाई मला बघितलं की पदर तोंडाला लावतात. सासूबाईंचे गुडघे थंडीनं धरलेत, जीभ मात्र ठणठणीत आहे. ह्यांची बदली टळली, तहसीललाच आहेत. मला नववा लागला. पाय इतके सुजलेत की ह्यांच्या चपला मी घालते, आणि हे बिचारे बूट घालून दूध आणायला जातात. गल्लीतले लोक विचारतात, साहेब, सकाळी सकाळी कुठं दौरा?

तू म्हणशील, फोन असताना चिठ्ठी कशाला. फोनवर तू विचारतेस, "जेवलीस का?" मी म्हणते, जेवले. की लगेच "घे, अण्णांशी बोल" म्हणून तू मोकळी. तीन वर्षं आपलं एवढंच बोलणं आहे. चिठ्ठी तुला अण्णांच्या हातात देता यायची नाही. त्यांचा चष्मा फुटलाय, मला ठाऊक आहे. तुलाच वाचावी लागंल.

तर सांगायचं ते असं. येळवशीच्या अवसेला पूजेसाठी आम्ही शेतात गेलो होतो. भज्जी, आंबिल, उंडे, मी दोघांच्या वाटणीचं जेवले. बाजूच्या शेतात आपल्या कस्तुराकाकू आलेल्या. त्यांची लेक इथं दिलीय ना. माझं पोट बघून म्हणल्या, "ह्या टायमाला तुज्या आईला म्हस तेवढी बांधून ठिवाय सांग बाई. मागच्या बाळंतपनाला माजा समदा हुरडा खाल्ला तिनं."

मी म्हणलं, माझ्या बाळंतपणाचा आणि तुमच्या हुरड्याचा काय संबंध?

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग लक्षात आलं की मला काहीच ठाऊक नाही. आंबिलीचा तांब्या खाली ठेवून त्यांनी सगळं सांगितलं.

आई, तू मला कधी का सांगितलं नाहीस?

धाराशिवच्या दवाखान्यात मी आदल्या दिवसापासून अडलेली. अण्णा रक्ताच्या बाटलीसाठी पळत होते, हे अजून इकडून निघायचे होते. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, अवघड दिसतंय. आणि तू कुणाला काही न बोलता जीप धरून थेट बेंबळीला गेलीस. बाई अडली की घरातली कुलपं उघडायची, गाठी सोडायच्या, म्हणजे तीही मोकळी होते, असं तुला तुझ्या आईनं सांगितलेलं. म्हणून तू कपाट उघडलंस, पिठाचे डबे उघडलेस, लोणच्याच्या बरण्यांची फडकी सोडलीस, ज्वारीच्या पोत्यांच्या सुतळ्या कापल्यास. म्हशीचं दावंसुद्धा सोडलंस. काकू शेतात होत्या, त्यांना हाताला धरून आणलंस आणि त्यांचंही घर उघडायला लावलंस. म्हस तेवढ्यात त्यांच्या ज्वारीत.

हे ऐकून मी इतकी हसले की सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं इथंच कळा सुरू झाल्या. मग हसता हसता मला रडू आलं, ते काही थांबेना.

कारण मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, आई. मला एवढंच ठाऊक होतं की मी तुला हाका मारतेय आणि तू येत नाहीस. शेवटी सिस्टर म्हणाली, "तुमच्या आई तर जीपमधी बसून गेल्या." मला वाटलं, तुला बघवेना म्हणून तू पळून गेलीस. मी मरणार, असं डॉक्टरांनी सांगितलं असंल, म्हणून गेलीस. तो अर्धा पाऊण तास मी कसा काढला ते मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. कळांपेक्षा तो जास्त होता.

तू आलीस तेव्हा अक्षरा होऊन गेली होती, तिला काचेत ठेवलेली. मला रक्त चढत होतं. तुझी साडी धुळीनं माखलेली आणि हाताला चिंधी गुंडाळलेली. मी ते बघितलं, पण विचारलं नाही. भिंतीकडं तोंड करून म्हणलं, "आता कशाला आलीस? मेल्यावर यायचं होतंस."

हे मी बोलले. तीन वर्षं मी असं धरून बसले होते की जे केलं ते तू केलंस, मी काही केलं नाही. सव्वा महिना राहायचं, तर बारसं झालं की तेराव्या दिवशी बाळाला घेऊन निघाले. तू डिंकाचे लाडू बांधून दिलेस, ते मी गाडीतच राहू दिले. माझं चुकलं आई. पोटातून चुकलं.

हाताची चिंधी कशाची होती, तेही काकूंनी सांगितलं. पेटीची किल्ली सापडेना, तेव्हा तू वरवंट्यानं कुलूप फोडलंस आणि बोट चेचून घेतलंस. आणि म्हणे तू अजून म्हणतेस, "पेटीचं कुलूप वक्तावर निघालं असतं तर माज्या लेकराला इतकं सोसावं लागलं नसतं." अगं येडे, तू एवढं मनात घेऊन बसलीस? म्हणून दुसऱ्या खेपेला येत नाहीस होय? अण्णांना म्हणालीस, "दुसरं बाळंतपण सासरचं, माझं तिथं काय काम?" काम आहे म्हणून तर लिहितेय.

सगळ्यांना सांगते की मी भीत नाही. सासूबाई म्हणतात, कसली धीराची सून आहे. धीर कुठला. बाळंतविडा भरायला घेते आणि हात थांबतात. अक्षराला आंघोळ घालताना वाटतं, हिच्या वेण्या पुढच्या महिन्यात कोण घालंल. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात बाळाचं डोकं खाली आहे, सगळं बरोबर आहे, रक्त आधीच सांगून ठेवलंय. मी मान डोलावते. पण मी भितेय, आई. हे तुलाच सांगता येतं.

इथल्या दवाखान्यात एका बाईला आत थांबू देतात. नाव आधी लिहून घेतात. मी तुझं नाव दिलंय, तुला न विचारता. सासूबाई अर्धा दिवस रुसल्या, मग म्हणाल्या, "बरं झालं, मला रगात बघून चक्कर येती."

तारीख सव्वीसची आहे. तू संक्रांत झाली की निघ. बेंबळीहून अण्णा बसवून देतील, स्टँडवर हे घ्यायला येतील. पेटीत माझी लहानपणची झबली आहेत ती आण.

कुलपांनी बाळ होतं का, मला विचारू नको. धाराशिवच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या चिमट्यानं झालं. काकू म्हणतात पेटीचं कुलूप तुटलं तेव्हा सव्वाचार वाजलेले, आणि अक्षरा झाली चार वीसला. मी दोघींशीही भांडत नाही. तुझं मन मानत नसंल तर अण्णांना नवा चष्मा करून दे आणि कुठली किल्ली कुठं ते दाखवून ठेव. हे फोन करतील, अण्णा एकेक उघडत जातील. पेटीला आजपासून कुलूपच लावू नको. म्हस तेवढी बांधलेली राहू दे, काकूंचा हुरडा आत्ता कुठं भरलाय.

तू मात्र जागची हलू नको. माझ्या उशाशी बस, आणि मी हाक मारली की ओ दे.

वाट बघणारी,
तुझी शिवू