टेक म्हणजे घेणे

२ फेब्रु., रवि.
नाझिया जेवायला आली. बीडची पोरगी, इथे दिल्लीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, पीजीच्या जेवणाला विटलेली. दर रविवारी माझ्याकडे जेवते आणि मला इंग्रजी शिकवते. आज ‘टेक’. म्हटलं, टेक म्हणजे घेणे, हे येतं मला. ती हसली. औषध टेक, फोटो टेक, बस टेक, परीक्षासुद्धा टेक. म्हणजे इंग्रजीत मुलं परीक्षा घेतात! आपल्याकडे मास्तर घेतात, मुलं देतात. नाझिया म्हणाली, “मी दोनदा दिली काकू. घेतली असं कधी वाटलं नाही.”

६ फेब्रु., गुरु.
गाझियाबादहून मीनलचा फोन. लग्न झाल्यापासून लेकीचा फोन असा धावताच. म्हणाली, “आई, करण अँड आय आर टेकिंग अ ब्रेक.” मला बरं वाटलं. किती दिवसांत कुठे गेले नाहीत दोघं. म्हटलं, जा की, डोंगरात गारठा असेल, स्वेटर घ्या.  “हो आई” म्हणून तिने फोन ठेवला.
ह्यांना सांगितलं, लेक-जावई फिरायला चाललेत.

९ फेब्रु., रवि.
नाझियाला कौतुकाने सांगितलं, लेकीच्या बोलण्यातला ‘टेक’ मला लगेच कळला. ती पोळी मोडता मोडता थांबली. ताई नक्की असंच म्हणाल्या का, विचारलं. मग हळू आवाजात सांगितलं: नवरा-बायको असं म्हणतात तेव्हा काही दिवस वेगळं राहायचं असतं.
पुढचं जेवण नीट झालं. ताक वाढलं, भांडी आवरली.
स्वेटर घ्या म्हणाले मी तिला.
ह्यांना अजून

१० फेब्रु., सोम.
सांगितलं ह्यांना. म्हणाले, करणशी बोलू का? म्हटलं, आधी तिच्याशी. मीनलला फोन केला, “ये घरी” एवढंच म्हटलं. शनिवारी येते म्हणाली.
अवघड काही सांगायचं झालं की ही इंग्रजीत शिरते. शाळेत मार्क कमी पडले तरी तसंच. दिल्लीत वाढली, तिचं मराठी भूक, ताप, कपडे एवढ्यापुरतं.

१५ फेब्रु., शनि.
आली. बॅग मोठी आहे. ह्यांनी काही विचारलं नाही, चहा स्वतः केला.
दुपारी बाल्कनीत बसलो दोघी. म्हणाली, “आय कान्ट टेक इट एनीमोअर.” सोसवत नाही, इतकं मला कळलं. पण काय सोसवत नाही? मराठीत सांग म्हटलं. येत नाही म्हणाली. म्हटलं, मोडकंतोडकं सांग, मला अंदाजाने समजून घ्यायचं नाही.
मग सांगितलं. करण ओरडत नाही, हात उगारत नाही. पण घरातलं सगळं त्याची आई ठरवते. हिने कुठली नोकरी करायची, मूल कधी, पडदेसुद्धा. ही तक्रार करते तेव्हा करण ‘चलता है यार’ म्हणून टीव्ही लावतो.
“आई, तिथे मला… काय म्हणतात ते, श्वास चालू असतो पण…”
“गुदमरतं?”
“हां. गुदमरतं.” पुन्हा एकदा म्हणाली तो शब्द. मग रडली. मी पाठीवरून हात फिरवत बसले. आमच्या दोघींत एवढं मराठी कधी झालं नव्हतं.

१८ फेब्रु., मंगळ.
करणचा ह्यांना फोन. अदबीने विचारलं, रविवारी मीनलला घ्यायला येऊ का. हे हो म्हणणार, तेवढ्यात मी फोन घेतला. इतकी वर्षं दिल्लीत काढूनही हिंदी माझं कच्चंच, पण म्हटलं, “बेटा, आओ. लेकिन लेने मत आओ. पहले उसकी पूरी बात सुनो.”
 “जी, मम्मी,” म्हणाला.
हे रागावले थोडे. जावयाशी असं बोलतात का, म्हणाले. मीनल ऐकत होती.

२३ फेब्रु., रवि.
नाझियाला आज येऊ नको म्हटलं.
करण एकटाच आला. चहा घेतला नाही. दोघं समोरच्या बागेत जाऊन बसलीत, इथून खिडकीतून दिसतात. मीनल बोलतेय, थांबतेय, पुन्हा बोलतेय. तो खाली बघतोय. हे दोनदा खिडकीशी येऊन गेले. दुपारचं जेवण राहिलंय सगळ्यांचं.
आता तो उठला. ती बसूनच आहे. तो फाटकाकडे निघालाय की आमच्याकडे, इथून कळत नाही. अंदाज करायचा नाही; मीनल घरी येऊन सांगेल.