एका फेरीला तेहतीस

प्रिय मोतीराम,

काल रागिणीवहिनींचा फोन आला. हृदयाच्या दुखण्यातून उठून महिना झाला, डॉक्टर रोज चाला म्हणतात आणि तू ओट्यापलीकडे पाऊल टाकत नाहीस म्हणे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितो.

इकडे बरं आहे. गादीच्या दुकानात नवा कापूस आलाय. आणि मी रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर जलतरण तलावावर पोहायला जातो, हे तुला ठाऊक नसेल. आपण दर्यापूरकडचे, विहिरीत उड्या मारणारे. इथे टोपी घालून शिडीनं उतरताना पहिल्या दिवशी हसूच आलं. डॉक्टरांनी हळू पोहायला सांगितलं होतं. पाण्यात घड्याळ कुठे बघणार? म्हणून मनात 'सुबहानअल्लाह' म्हणायचो. एका फेरीला तेहतीस. रोज, प्रत्येक फेरीला तेहतीसच भरायचे. मी खूश, एका चालीनं पोहतोय म्हणून.

एक दिवस तिथं शिकवणाऱ्या करिश्माबाईंनी घड्याळ लावलं. "चाचा, पयली फेरी पन्नास सेकंद अन् चौथी अडतीस! कोन मागं लागलं तुमच्या? हळू सांगतलं न तुमाले?" मी म्हटलं, बाई, माझी गिनती तर बरोबर आहे. घरी येताना उमगलं. धाप लागली की मी घाबरायचो आणि अल्लाचं नावच भरभर घ्यायचो. हातपाय त्या नावामागे पळायचे. आता एकेक नाव सावकाश घेतो. फेरीला पूर्ण मिनिट लागतं. "उशीर झाला की हासते, असा माणूस पयल्यांदा पाह्यला," बाई म्हणतात. मोर्णा नदीच्या पुलावरून परतताना मन अगदी निवांत असतं.

हळू कशासाठी, ते तुला कधी सांगितलं नाही. गेल्या वर्षी मलाही स्टेंट टाकला. घरात तुझ्या नईमाभाभीशिवाय कुणाला कळू दिलं नाही. कापसाचे गठ्ठे उचलणारा माणूस कमजोर दिसू नये, एवढीच ऐट. दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून मी "काही होत नाही" म्हणालो, तेव्हा तू तोंड फिरवलंस. "गफ्फार, तुले काय समजते?" मी गप्प राहिलो. ते चुकलं माझं. मला समजतं, मोतीराम. कुशीवर वळायचीही भीती वाटते, ते समजतं. रविवारी पहिल्या गाडीनं येतो. बाजारापर्यंत चालत जाऊ. तू थांबलास की मीही थांबेन.

तुझाच,
गफ्फार