पन्ह्यातला सूड

४ मे २००३, रविवार. दुपारी १२.

दामूला सोडणार नाही. ही वही त्यासाठीच उघडली. माझ्या पोरीची, अक्षदाची, नववीची आहे, मागची पानं कोरी होती.

काल सासुरवाडीला, वैशाखऱ्याला, चुलत मेहुणीची हळद. मी त्या घरचा थोरला जावई. मांडवात दोनशे माणसं. जेवलो, निघालो, गाडीवर बसलो, तेवढ्यात दामू आला आणि माझी चावी काढून स्वतःच्या खिशात घातली. दामू म्हणजे काशीचा, माझ्या बायकोचा, सख्खा धाकटा भाऊ. लग्नात त्याने माझा कान पिळून शर्टपँटचं कापड घेतलं होतं. कान पिळायची परवानगी त्या एका दिवसापुरतीच असते, हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

"दाजी, आता नाय जायाचं. सकाळी जा," एवढंच बोलला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला पोरासोरांच्या रांगेत सतरंजीवर झोपवलं.

मुद्दाम लिहून ठेवतो: मी प्यायलेलो नव्हतो. घेतली होती. प्यायलेल्याला किक सापडत नाही. मला सापडली होती, फक्त ती शेजारच्या गाडीची होती.

६ मे, मंगळवार.

शपथ घेतली. सूड पुरा होईपर्यंत दारूला शिवणार नाही. काशीला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि भांडी घासत राहिली. माहेरची बाजू घेणारच.

वाशिंदला कंपनीत सगळ्यांना किस्सा सांगितला. सगळे म्हणाले दामूचं चुकलं. एकजण म्हणाला, चावी काढली म्हणूनच आज ड्युटीवर दिसतोयस. त्याच्याशी बोलणं बंद.

९ मे, शुक्रवार. रात्रपाळीआधी.

प्लॅन ठरला. दामूची चावी काढायची. तशीच, चारचौघांत, तो गाडीवर बसल्यावर. आणि शांतपणे म्हणायचं, मेहुणे, उद्या जा. हे वाक्य आरशासमोर म्हणून बघितलं. छान बसतं.

अडचण एकच. दामू पीत नाही. मुरबाडला दुधाचा टेम्पो चालवतो आणि स्वतःला विमानाचा पायलट समजतो. न प्यायलेल्याची चावी काढली तर लोक मलाच वेड्यात काढतील. म्हणजे आधी त्याला पाजणं आलं.

अठरा तारखेला, रविवारी, मटणाचं जेवण ठेवलं. आळीतली पंधरा माणसं साक्षीला. दुकानातून दामूला फोन केला, म्हटलं झालं गेलं विसरू. दाजी, येतो म्हणजे येतोच, म्हणाला. मला नाटकात जायला हवं होतं.

१२ मे, सोमवार.

कैरीचं पन्हं. दामू पन्ह्यासाठी जीव टाकतो. वेलची, जिरं, आलं सढळ घातलं की आत मिसळलेल्या दारूचा वास दबतो. पण प्रमाण बरोबर हवं, म्हणून गोमाकडे गेलो. गोमा शाळेपासूनचा दोस्त, डोंगराखालच्या पाड्यावर राहतो, कैऱ्या त्याच्याच झाडाच्या. चव बघणं म्हणजे पिणं नव्हे, त्यामुळे शपथ शाबूत आहे.

पाच ग्लासांची चव बघितली. सहाव्याची नोंद राहिली.

संध्याकाळी परत निघालो तर गोमाचं कुंपण रस्त्यात आलं. आरसा फुटला, कोपर सोलवटलं. ह्याचाही हिशोब दामूकडून घेणार.

१५ मे, गुरुवार.

अजून प्रमाण सापडलं नाही. आज शेजाऱ्याचं वासरू आडवं आलं. मला वाटलं ते उजवीकडे जाईल. ते बसलेलंच होतं. गाडी अंगावर घेऊन पडलो, सायलेन्सरने पोटरी भाजली. वासरू उठलंसुद्धा नाही.

गोमा म्हणतो, तुला मेव्हण्याचा सूड घेयाचा हाय का माज्या कैऱ्या संपवायच्या हायेत? काही लोकांना मोठं काम कळत नाही.

अक्षदाला मैत्रिणीकडे जायचं होतं. म्हटलं बस मागे, सोडतो. चालत जाईन म्हणाली. दोन किलोमीटर, ह्या उन्हात. पोर मोठी झाली, बापाच्या गाडीवर बसायला लाजते.

१८ मे, रविवार. सकाळी १०.

प्रमाण सापडलं. मटण शिजतंय. पन्ह्याच्या दोन कळशा: एक सगळ्यांची, एक दामूची.

जेवून झाल्यावर दामू अक्षदाला सुट्टीसाठी वैशाखऱ्याला नेणार आहे. ती पहाटेपासून पिशवी भरून उंबऱ्यात बसली आहे. मामाच्या गाडीवर बसायला लाजत नाही, हे ध्यानात ठेवलं आहे.

दामू गाडीवर टांग टाकेल आणि मी चावी काढेन. आज ह्या तालुक्याला कळेल की ज्ञानेश्वर काय चीज आहे.

२१ मे, बुधवार. शहापूर, दवाखाना.

डावा पाय प्लास्टरमध्ये. काशीने वही आणून दिली, न मागता. खाटेवर नुसती ठेवली आणि गेली.

दामू उन्हातून आला. पन्ह्याचे दोन ग्लास गटागटा प्यायला, तिसरा मागून घेतला. दाजी, पन्हं झकास झालंय म्हणाला. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. त्याच्या कळशीतलं उरलेलं वाया जाऊ नये म्हणून मी मागच्या पडवीत जाऊन बसलो. बसल्या बसल्या डोळा लागला.

उठलो तेव्हा पंगत उठली होती, काशी पत्रावळ्या गोळा करत होती. दामू कुठे विचारलं. अक्षदाला घेऊन गेला, पाऊण तास झाला म्हणाली.

तीन ग्लास. जन्मात कधी न प्यायलेला माणूस. सरळगाव सोडलं की माळशेजकडे जाणारे ट्रक. आणि मागच्या सीटवर माझी पोर. एवढा मी कधीच घाबरलो नव्हतो, स्वतः चालवताना तर नाहीच.

"दामू प्यालाय," मी काशीला म्हणालो. "मीच पाजली."

ती काही बोलायच्या आत मी गाडी काढली. त्यांना अडवायचं होतं. आपणही त्याच कळशीतलं पिऊन निघालोय, हे डोक्यातच आलं नाही.

तीनेक किलोमीटरवर दोघं दिसली. समोरून, चालत. दामू गाडी हाताने ढकलत परत आमच्याकडेच आणत होता. अक्षदा पिशवी डोक्यावर घेऊन त्याच्या बाजूने. मी तिचे हात बघितले, पाय बघितले, सगळं जागेवर होतं. तेवढ्यात ओढ्यावरची मोरी आली. मोरी सरळ होती, मी वळलो.

कोरड्या ओढ्यात, गोट्यांवर पडलो. गाडी चालूच होती. पहिली अक्षदा उतरून आली. तिने आधी चावी काढली, मग मला हात लावला.

२४ मे, शनिवार. घरी.

दामू रोज येतो. आजही आला. आळीतले चारजण बसले होते, त्यांच्यादेखत तो माझ्या खाटेजवळ खाली बसला.

"दाजी, हळदीला सगळ्यांसमोर तुमची चावी काढली, माजं चुकलं. मनात ठेवू नका," म्हणाला. "त्या दिवशी मला ऊन लागलं. डोकं गरगराय लागलं. मागं पोर होती, मंग कशाला चालवतंय मी? उतरलो. आणि तुमी आमच्या काळजीनं धावत आलाव."

माफी मिळाली. चारचौघांत मिळाली. ह्याचसाठी तर सगळा खटाटोप केला होता. मी कौलं मोजत राहिलो.

काशीने त्याला सांगितलेलं नाही. माझ्याशीही रविवारपासून एक शब्द बोललेली नाही. ताट ठेवते आणि जाते. बहुतेक मीच सांगायची वाट बघते आहे. पाय बरा झाला की सांगेन. पायाला दोन महिने लागतील.

सगळे गेल्यावर अक्षदा पाणी घेऊन आली. तांब्या ठेवला, पण गेली नाही.

"बाबा, मामाला खरंच ऊन लागलं होतं?"

हो म्हणालो.

"मग मामाच्या तोंडाला तुमच्यासारखा वास कसा येत होता?"

चुलीपाशी काशीचा भाकरी थापायचा आवाज थांबला. दोघीही उत्तराची वाट बघत होत्या. मी मे महिन्याच्या उकाड्यात गोधडी डोक्यावरून ओढून घेतली आणि झोप लागल्याचं सोंग केलं.